आठशेला सोळा कमी

१२ जानेवारी २०२५, रविवार. बारामती

खताच्या दुकानदाराने यंदाही डायरी दिली. दरवर्षी तिच्यात माझी लेक छकुली चित्रं काढते आणि मार्चपर्यंत डायरी संपते. यंदा मी आधी हात मारला. ठरवलंय की या वर्षात सिबिल, म्हणजे कर्जफेडीतली पत दाखवणारा बँकेचा आकडा, आठशेच्या वर न्यायचं आणि त्यासाठी काय काय केलं ते लिहून ठेवायचं.

माझा स्कोर सातशे चौऱ्याऐंशी आहे. म्हणजे वाईट नाही. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, "सर, आमच्या शाखेत एवढा स्कोर फार कमी लोकांचा असतो." मी फुशारून उठणार तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "आठशेच्या वर असता तर घराच्या कर्जाला व्याज अजून थोडं कमी बसलं असतं." झालं. तिथून उठलो तो हे भूत मानगुटीवर घेऊनच.

आपण घर अजून दोन वर्षं तरी घेत नाही, हे निकिताने घरी आल्या आल्या सुनावलं. तिचं खरं आहे. पण दहावीला मला एकोणनव्वद टक्के पडले होते आणि जोतीरामला नव्वद. तोच जोतीराम आज डेअरीच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी बसून दुधाचं फॅट तपासतो आणि त्याचा स्कोर आठशे अकरा आहे. तो आपणहून सांगत नाही, विचारलं तरच सांगतो. तेच जास्त झोंबतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

कार्डावर फक्त पेट्रोल टाकतो. बिल यायच्या आधीच पैसे भरतो. नवीन कुठलंही कर्ज नाही, कर्जाची चौकशीसुद्धा नाही. महिनाभर एवढं सोवळं पाळून स्कोर एका अंकाने वाढला.

जेवायच्या सुट्टीत जोतीरामला गाठलं. तो म्हणाला, "तुझ्या नावावर हाय काय? एक कार्ड आन् फिटलेलं गाडीचं कर्ज. बँकेला दिसाय पायजे की हा माणूस घेतो आन् देतो. थोडं सोनेतारण काढ, वेळेवर भर, मोकळा हो. मी बी तसंच केलं."

"गरज नसताना कर्ज काढायचं?"

"मग गरज लागल्यावर काढशील? तवा कोण इश्वास ठेवतंय?"

डब्यातली भाजी तशीच राहिली.

१० फेब्रुवारी, सोमवार

केलं एकदाचं.

निकिताच्या गंठणाचा विषय काढून बघितला होता. ती म्हणाली, "हात लावून बघा." त्या सुरात पुढे विचारण्यासारखं काही नव्हतं. मग आठवलं, की आपल्या कपाटात आईच्या पाटल्या आहेत. गेल्या वर्षी अंथुर्ण्याला आमच्या वस्तीवर चोरी झाली तेव्हा तिने त्या माझ्याकडे आणून ठेवल्या. वडील गेल्यावर एका म्हशीच्या दुधावर, वर्षानुवर्षं थोडे थोडे बाजूला टाकून तिने त्या केल्या होत्या. घालते मात्र लग्नकार्यापुरत्याच.

तिने त्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधल्या होत्या. गाठ इतकी घट्ट की बँकेच्या काउंटरवर मला ती दाताने सोडावी लागली. तिथला माणूस हसला. फडकं घडी करून पुन्हा कपाटात ठेवलं.

मिळालेले पैसे वेगळ्या खात्यात टाकलेत, त्यातला रुपया खर्च करणार नाही. महिन्याच्या महिन्याला व्याज भरायचं आणि पाच-सहा महिन्यांनी पाटल्या सोडवून आणायच्या. त्या आमच्या कपाटात असल्या काय आणि बँकेच्या कपाटात असल्या काय. उलट तिथे जास्त सुरक्षित. हे मी आज स्वतःला किती वेळा सांगितलं कोण जाणे.

निकिताला बोललो नाही.

९ मार्च, रविवार

स्कोर घसरला. सातशे एकोणसत्तर! जोतीराम म्हणतो, नवीन कर्ज काढलं की आधी उतरतो, मग चढतो. हे आधी का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाला, "तू इचारलं न्हाईस."

आई दोन दिवस इथे होती. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, लवकर ऑपरेशन करा म्हणाले. तिला भीती वाटते, पण तयार झाली. दत्तोबातात्यांच्या नातीचं, संस्कृतीचं, लग्न ठरलंय, मुलाकडचे बावड्याचे. अकरा मेला लग्न आणि ते उरकलं की डोळा, असं ठरलं. दत्तोबातात्या माझे चुलते, आमच्या वस्तीला लागून त्यांचं घर. म्हणजे घरचंच कार्य.

"माझ्या पाटल्या घिऊन ये तवा," आई म्हणाली. "हितंच हायेत न्हवं?"

"हायेत की."

ती कपाटाच्या खोलीतच झोपली होती. रात्री तिने कूस बदलली तरी मला वाटायचं, उठून कपाट उघडते की काय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

६ एप्रिल, रविवार

कपड्यांना ऊन दाखवायला निकिताने कपाट रिकामं केलं आणि तिच्या हाताला नुसतं फडकं लागलं. आधी तिला वाटलं चोरी झाली. रडायलाच लागली. मग सांगावंच लागलं.

तिचं रडणं थांबलं आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. "पैसे कशाला लागले?"

"लागले नाहीत. तसेच आहेत खात्यात."

"मग?"

मी समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्याच्या उद्या सोडवून आणा."

आता सोडवल्या तर केलं ते पाण्यात. जेमतेम दोन महिन्यांचा भरणा दिसेल, आणि स्कोर आत्ता कुठे सातशे शहात्तरवर आलाय. जुलैपर्यंत थांबलं पाहिजे. लग्नापुरत्या आणून परत ठेवल्या तर पुन्हा नवं कर्ज, पुन्हा घसरण. मी हेही तिला सांगितलं.

"आणि आईंना लग्नात काय देणार? स्कोर?"

छकुलीने दोघांच्या मध्ये बसून जेवण केलं.

३ मे, शनिवार

आज एक ग्रॅमच्या पाटल्या घेतल्या. वरून सोन्याचं पाणी, आत काय ते देव जाणे. मोबाईलमध्ये आईचा जुना फोटो होता, तो मोठा करून तश्शाच नक्षीचा जोड शोधला. दुकानदार म्हणाला, "सहा महिने पॉलिश हलणार नाही साहेब, बायकांनासुद्धा ओळखू येत नाहीत."

दुधातली भेसळ पकडायचा मला पगार मिळतो. परतीच्या वाटेवर गाडी चालवताना हेच डोक्यात होतं आणि माझी मलाच किळस आली. तरी पाटल्या परत नाही केल्या. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. जुलैत खऱ्या आणून गुपचूप बदलून टाकीन.

४ मे, रविवार

अंथुर्ण्याला जाऊन आलो. निकिता आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

पाटल्या त्याच फडक्यात बांधून नेल्या होत्या. आई अंगणात म्हशीला वैरण टाकत होती. हात पुसून आली, गाठ सोडली. पाटल्या तळहातावर घेतल्या, हात जरा वर-खाली केला.

"पालिश केल्यात व्हय?"

"हो. काळ्या पडल्या होत्या, सोनाराकडून उजळून आणल्या."

"झ्याक दिसत्यात," म्हणाली. मग घरात जाऊन चहा ठेवला. मला आवडतात म्हणून शेवयाही केल्या. मी खात असताना समोर बसून होती.

"कामावर समदं ठीक हाय न्हवं?"

"हो की."

"पगार येळेवर हुतोय?"

"होतोय. का गं?"

"सहज इचारलं."

निघताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. लहानपणी ताप आला की फिरवायची तसा. घरी येऊन निकिताला सांगितलं, आईला काही कळलं नाही. इतकं सहज निभेल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

११ मे, रविवार

बावड्याचं लग्न. मांडवात हीऽ गर्दी. आई हिरव्या काठाची साडी नेसून बायकांत बसली होती आणि माझं लक्ष नवरा-नवरीकडे नाही, तिच्या मनगटाकडे. उन्हात पाटल्या जरा जास्तच चमकत होत्या.

वस्तीवरच्या छबूबाईंनी तिचा हात हातात घेतला. "द्वारकाबाई, नव्या केल्या का काय?"

आईने हात सोडवून घेतला आणि पदराखाली नेला. "जुन्याच हायेत. माझ्या अवीनं उजळून आणल्या. लई करतोय माझं."

"माझ्या अवीनं" म्हणताना तिचा आवाज जरा मोठाच होता, चार बायकांना ऐकू जाईल असा. अशा आईला मी पितळ दिलंय. कुणी माझ्या तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं.

परत निघताना म्हटलं, पाटल्या दे, कपाटात ठेवतो.

"ऱ्हाऊ दे. घालीन आता रोज. मेल्यावर घालू का?"

रोज घालणार! दुकानदाराचे सहा महिने रोजच्या वापरात कितीचे होतात हे विचारायचं राहिलं.

२५ मे, रविवार

आईचा फोन. डोळ्याचं ऑपरेशन आता नको म्हणाली. "दिवाळीनंतर बघू. अजून दिसतंय की मला. डॉक्टरचं कायबी आसतंय."

मी आग्रह केला. पण इथे खरंच लिहायचं तर, दोन वाक्यांच्या वर आग्रह केला नाही. ऑपरेशनचे पैसे कार्डावर गेले असते आणि ऐन वेळी कार्डाचा वापर फुगून स्कोर उतरला असता. फोन ठेवल्यावर मला क्षणभर बरं वाटलं. हे वाक्य लिहून खोडलं होतं, परत लिहिलं.

दरमहा तिला थोडे पैसे पाठवतो, तेही पाठवू नकोस म्हणाली. "मला एकलीला काय लागतंय? तुमच्याच संसाराला घाला." मी विचारलं, कुणी काही बोललं का? म्हणाली, "कोण बोलतंय? तू जिवाला खाऊ नगंस. समद्यांचे दिस फिरत्यात."

हे शेवटचं कशावरून निघालं, कळलं नाही. तात्यांचं वांग्याचं पीक यंदा वाया गेलंय, त्यावरून असावं.

१५ जून, रविवार

सातशे एक्क्याण्णव! पहिल्यापेक्षा वर गेला. मोबाईलवर तो अर्धगोल येतो, त्यातला काटा हिरव्याच्याही टोकाकडे झुकलाय. आता फक्त नऊ.

तात्यांच्या टेम्पोबरोबर आईने गव्हाचं पोतं, ज्वारी, शेवग्याच्या शेंगा आणि बरणीभर तूप पाठवलं. एवढं तूप तिने कधी पाठवलं नव्हतं. फोन केला तर कळलं, म्हैस विकली. जेवढं साठलं होतं तेवढं कढवून इकडे दिलं.

"अगं, म्हैस का विकलीस?"

"गुडघ्याला झेपंना. धार काढाय बसलं की उठवत न्हाय."

मागच्याच महिन्यात ती लग्नात मांडी घालून दोन तास बसली होती. पण वय झालंय, होत असेल. दुधाला गिऱ्हाईक असलेली गाभण म्हैस होती, जरा घाईच केली.

नंतर ती छकुलीशी बोलली. स्पीकर चालू होता.

"पप्पा जेवतो का गं नीट?"

"हो आजी, दोन चपात्या जास्त खातो."

"पप्पाची गाडी हाय का दारात?"

"आहे की."

"आन् घरी कोण माणसं येत्यात का? मोठ्यानं बोलणारी?"

"नाही आजी. फक्त टीव्ही मोठ्यानं असतो."

छकुली हसायला लागली. मीही हसलो. निकिता हसली नाही. ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "आईंना कळलंय."

मी म्हटलं, कळलं असतं तर ती बोलली असती. आमच्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. निकिता म्हणाली, "स्वतःच्या लेकाबद्दल बोलायचं असेल तर भिजतो."

ती काही झालं तरी माझ्याच अंगावर येते हल्ली. एवढी मजल मारल्यावर आता कशाला मागे फिरायचं? एक महिना, फक्त एक महिना.

२० जुलै, रविवार

लिहूनच काढतो. दुसऱ्या कुणाशी बोलवत नाही.

सकाळी तात्यांचा फोन आला, आई पडली, घेऊन येतोय. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली. आईच्या साडीला चिखल, उजवं मनगट सुजून टम्म झालेलं. त्यावर तिने डाव्या हाताने पदराचं टोक धरलं होतं आणि मला बघून म्हणाली, "रविवारी तुझी सुट्टी वाया घालवली बघ."

"कुठे पडली?" मी तात्यांना विचारलं.

"शेजारच्या मळ्यात. भेंडी तोडताना. कडंला पाण्याची चारी हाय, वैनीस्नी दिसली न्हाय. उजव्या डोळ्यानं कुठं दिसतंय त्यास्नी."

"लोकांच्या मळ्यात? भेंडी तोडायला?"

"रोजानं जात्यात की. म्हस इकल्यापासनं. आमी सांगून दमलो." तात्या माझ्याकडे सरळ बघत म्हणाले, "कशाला जात्यात त्ये मला नगं इचारू. तुला ठावं आसंल."

मला ठाऊक नव्हतं. आई रोजाने कधी गेली नाही, वडील गेले त्या वर्षीसुद्धा नाही.

आत नेलं. हाड मोडलंय, प्लॅस्टर घालावं लागेल. पण सुजेमुळे पाटली निघेना. साबण लावून झाला, दोरा गुंडाळून झाला. आई दातावर दात धरून बसली होती. शेवटी तिथला माणूस छोटी कातर घेऊन आला आणि अडला. "आजी, सोन्याची पाटली आहे. कापली तर नुकसान होईल. घरच्यांनी सांगितल्याशिवाय मी कापणार नाही." आणि माझ्याकडे बघू लागला.

तात्या होते, निकिता होती, नर्स होती.

आई म्हणाली, "काप बाबा. खोटीच हाय ती."

असं अगदी सहज म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. पाटली कापली, आतला तांबूस रंग दिसला. पदराखाली जिथे घासली जात होती तिथलं पाणी केव्हाच उडालेलं होतं. निकिता तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

प्लॅस्टर झाल्यावर तात्या चहाला गेले तेव्हा मी खाटेशी बसलो. "कधी कळलं तुला?"

"तू दिल्यास तवाच. इतकी वर्सं हातात घालून वजन कळंना व्हय मला?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघितली. म्हणलं बापय माणूस हाय, लाजत आसंल. दोन दिस जाऊ दे, सांगंल." तिने दुसऱ्या हाताने कमरेची पिशवी काढली, माझ्या मांडीवर ठेवली. आत रुमालात बांधलेले पैसे. "म्हशीचं हायेत. वर माझं रोजाचं. पाटल्या मागनं सोडीव, त्यांची काय घाई न्हाय. आदी लोकांचं दे. लोकं दारात आली न्हाय पायजेत."

डोळ्याचं ऑपरेशन तिने का पुढे ढकललं, महिन्याचे पैसे का नाकारले, छकुलीला माणसं येतात का म्हणून का विचारलं, ते सगळं मला त्या खाटेशी बसल्या बसल्या एकदम कळलं. मी दवाखान्याच्या संडासात जाऊन नळ सोडला आणि रडलो.

२२ जुलै, मंगळवार

रजा काढून पाटल्या सोडवून आणल्या. पैसे खात्यात होतेच, पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांचं! हेच मे महिन्यात करता आलं असतं. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "अडचण मिटली वाटतं?" मी हो म्हटलं.

आई आमच्याकडेच आहे. खऱ्या पाटल्या तिच्या उशाशी ठेवल्या. उठून बसली, डाव्या हातात घेऊन पुन्हा तसंच वर-खाली केलं, आणि मान हलवली.

मग मी तिला खरं सांगितलं. सगळं. अडचण कुठलीच नव्हती, कुणाचं देणं नव्हतं, पैसे तसेच पडून होते. बँकेत प्रत्येक माणसाला एक आकडा असतो, माझा चांगला होता, तो अजून चांगला करायला म्हणून पाटल्या ठेवल्या.

ती ऐकत होती.

"आकडा वाढवायला."

"हो."

"आन् वाढल्यावर काय देत्यात?"

"काही देत नाहीत. पुढे कधी कर्ज काढलं तर व्याज जरा कमी."

"म्हंजी कर्ज हाय."

"नाही गं आई, नाही! पुढे कधी काढलं तर."

"बरं," म्हणाली. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. "नगं सांगू. सांगवत नसंल तर नगं सांगू."

थोड्या वेळाने मी पाणी प्यायला उठलो तर ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून हळू आवाजात निकिताला विचारत होती, "तू तरी सांग. पत्त्यांचा नाद लागलाय का त्याला?" निकिता म्हणाली, "नाही हो आई, ते म्हणतात तेच खरं आहे." आई म्हणाली, "तुला बी खरं सांगितलं न्हाय त्यानं."

म्हैस परत मिळते का म्हणून तात्यांना फोन लावला. ज्याने नेली त्याच्याकडे व्यायली आणि तो सोडायला तयार नाही.

३ ऑगस्ट, रविवार

डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरवलं. आई तयारच होत नव्हती. शेवटी मी बँकेचं पासबुक तिच्या मांडीवर उघडं ठेवलं. बघ, शिल्लक बघ. पैसे आहेत आपल्याकडे.

तिने पासबुक लांब धरलं, जवळ धरलं. "मला कुठं दिसतंय? तू म्हणतोस तर आसंल." आणि माझ्या समाधानासाठी हो म्हणाली. रुमालातले पैसे मात्र परत घेत नाही. दोनदा तिच्या पिशवीत ठेवले, दोन्हीदा छकुलीच्या दप्तरात निघाले.

तात्यांना, छबूबाईंना, सगळ्यांना मी फोन करून खरं काय ते सांगितलं. तात्या म्हणाले, "बरं बरं, आसंल तसं." त्यांच्या मुलाने मागून विचारलेलं ऐकू आलं, किती बुडाला म्हणतोय?

१० ऑगस्ट, रविवार

आठशे तीन.

सकाळी मेसेज आला. कालच जोतीरामने विचारलं होतं म्हणून त्याला कळवलं. त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, सोमवारी दोन तासांची सुट्टी हवी, माझ्या दुधाच्या नमुन्यांच्या ट्रेचं बघशील का? बस, एवढंच. जानेवारीपासून ज्याच्यासाठी जीव टाकला ते एवढंच होतं.

आई आज वस्तीवर परत गेली. मी गाडीने सोडायला गेलो. निघायच्या आधी तिने खऱ्या पाटल्यांची पुरचुंडी माझ्या हातात दिली. लुगड्याचं तेच फडकं, पण गाठ सैल होती. एका हाताने तिला तेवढीच मारता आली असेल.

"ह्या तुझ्याकडंच आसू दे."

"आई, तुझ्या आहेत. घाल हातात."

"नगं. पुन्यांदा लागल्या तर घिऊन जा. इचारायची बी गरज न्हाय." मग प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून तिने डावा हात पुढे केला. त्यात उरलेली खोटी पाटली होती, कडेला काळी पडलेली. "मला एवढं कर. हिच्या जोडीची एक आणून दे. एकच हात रिकामा दिसला की बाया इचारत्यात, दुसरी कुठं गेली? मग म्या काय सांगू? झाकली मूठ बरी."

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, पण तिने मान हलवली. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मी पाय तरी धरले असते. तिला माझी दया येत होती आणि ती मला कळू नये म्हणून ती दुसरीकडे बघत होती.

येताना बारामतीत त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने मला ओळखलं, पॉलिश टिकलं ना म्हणून विचारलं. एक सुटी देत नाही म्हणाला, जोडच घ्यावा लागेल. घेतला.